छंदासाठी कॅमेरा : निवडावा कसा, वापरावा कसा

शाळेचे स्नेहसंमेलन असो, गावची जत्रा असो, की पोळ्याला सजवलेली बैलजोडी असो, हल्ली चार जणांच्या खिशातून मोबाईल बाहेर येतात आणि भराभर फोटो निघतात. त्यातल्याच एखाद्याच्या मनात मग येते की, आपण जरा चांगला कॅमेरा घ्यावा आणि हे काम मन लावून शिकावे. तालुक्याच्या दुकानात गेले की दुकानदार सांगतो, "डीएसएलआर घ्या." किंमत ऐकली की पाय जागीच थबकतात. महिन्याच्या पगाराचा मोठा हिस्सा, किंवा एखाद्या पिकाचे खर्च वजा जाता हाती उरलेले पैसे, एका काळ्या डब्यासाठी मोजायचे म्हणजे विचार हा हवाच. तो विचार कसा करावा आणि कॅमेरा घेतलाच तर त्याचे चीज कसे करावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

आधी हे प्रकरण काय आहे ते पाहू. डीएसएलआर म्हणजे डिजिटल सिंगल लेन्स रिफ्लेक्स. नाव लांबलचक असले तरी अर्थ सोपा आहे. ज्या भिंगातून फोटो निघतो, त्याच भिंगातून आपल्याला समोरचे दृश्य दिसते. भिंगामागे एक लहानसा आरसा तिरका बसवलेला असतो. भिंगातून आलेला प्रकाश तो वर फेकतो, वरचे आरसे किंवा लोलक तो वळवून आपल्या डोळ्यापर्यंत आणतात. आपण कळ दाबली की आरसा झटकन वर उचलला जातो, त्यामागचा पडदा म्हणजे शटर क्षणभर उघडते आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. पूर्वी जे काम फिल्म करी, ते आता हा सेन्सर करतो. कळ दाबताच 'खटॅक' असा आवाज येतो ना, तो या आरशाचा आणि पडद्याचा.

आता तुम्ही विचाराल की, मोबाईल असताना हे ओझे गळ्यात कशाला अडकवायचे? प्रश्न रास्त आहे. घरगुती फोटो, पावती, फळ्यावरचा धडा किंवा पिकावर पडलेली कीड दाखवायची असेल, तर मोबाईल पुरे आहे आणि त्यासाठी कॅमेरा घेऊ नये, हे स्पष्टच सांगतो. पण काही कामे अशी आहेत की, तिथे मोबाईल कमी पडतो. तळ्यावरचा दूरचा पक्षी टिपायचा असतो. कबड्डीच्या मैदानावर धावणारी मुले टिपायची असतात. भर उन्हात मोबाईलचा पडदा नीट दिसत नाही, तिथे डोळ्याला लावायची खिडकी उपयोगी पडते. शिवाय साध्या डीएसएलआरचा सेन्सर सुमारे २२ ते २४ मिलिमीटर लांब आणि १५ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे मोबाईलमधल्या सेन्सरपेक्षा कितीतरी पट मोठा. त्यामुळे मंद उजेडातही चित्र स्वच्छ येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रकाश किती घ्यायचा हे इथे तुम्ही स्वतः ठरवता. शिकायची इच्छा असेल तर ही मोठीच गोष्ट आहे.

खरेदीला निघण्यापूर्वी बाजाराची एक गोष्ट ध्यानात घ्या. आरसा नसलेले, मिररलेस नावाचे कॅमेरे आता पुढे आले आहेत. कॅनन आणि निकॉन या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२० सालानंतर आरशाच्या कॅमेऱ्याचा एकही नवा नमुना काढलेला नाही. ऐकून वाटेल की, मग जुनाट वस्तू कशाला घ्या? पण छंद म्हणून शिकणाऱ्याच्या हे पथ्यावरच पडले आहे. हौसेने घेतलेले आणि फारसे न वापरलेले कॅमेरे लोक आता विकायला काढतात, आणि ते निम्म्या किंवा त्याहूनही कमी किमतीत हाती येतात. नांगर जुना झाला म्हणून जमीन नांगरली जायची थांबत नाही. प्रकाशाचे नियम आहेत तेच आहेत.

उदाहरणादाखल दोन नावे घेतो. कुणाची जाहिरात करण्याचा हेतू नाही. कॅननचा ईओएस १५०० डी आणि निकॉनचा डी ३५०० हे दोन्ही २०१८ साली आले आणि दोन्ही नवशिक्यांसाठीच बनवलेले होते. दोघांतही सुमारे २४ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे. निकॉन वजनाने हलका असून त्याची बॅटरी एकदा भरली की कंपनीच्या मोजणीप्रमाणे सुमारे १५५० फोटो देते. कॅननची सुमारे ५०० देते. वीज अधूनमधून जाते अशा गावात हा फरक लहान नाही. दुसरीकडे कॅननच्या जुन्या, स्वस्त भिंगांना सर्व कॅननवर आपोआप फोकस करता येतो. निकॉनच्या या लहान कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसल्यामुळे, ज्या भिंगात स्वतःची मोटर आहे असेच भिंग घ्यावे लागते. ही गोष्ट न विचारता जुने भिंग घेतले, तर ते हाताने फिरवत बसायची पाळी येते.

दुकानात सगळ्यात मोठा डांगोरा पिटला जातो तो मेगापिक्सेलचा. त्याने भुलू नका. वहीच्या मोठ्या कागदाएवढा, म्हणजे ए-४ आकाराचा फोटो उत्तम छापायला सुमारे ९ मेगापिक्सेल पुरतात. शाळेच्या हस्तलिखितात किंवा भिंतीवरच्या फलकावर तर त्याहून कमीतही भागते. तेव्हा १८ काय आणि २४ काय, छंदापुरता फरक नाही. वरचे पैसे अंगावर, म्हणजे कॅमेऱ्याच्या बॉडीवर, घालवण्यापेक्षा भिंगासाठी राखून ठेवा.

कॅमेऱ्यासोबत बहुधा १८-५५ मिलिमीटरचे भिंग मिळते. १८ वर ठेवले तर अख्खा वर्ग मावतो, ५५ वर ठेवले तर एकाच मुलाचा चेहरा जवळ येतो. पहिली सहा महिने या एकाच भिंगावर काम करावे. पुढे पैसे साठले तर ५० मिलिमीटर, एफ १.८ असे लहानसे स्थिर भिंग घ्यावे. ते स्वस्त असते, आणि सोबतच्या भिंगाच्या मानाने सुमारे नऊपट प्रकाश आत घेते. संध्याकाळी ओसरीवर बसलेल्या आजीचा चेहरा फ्लॅशशिवाय टिपायचा असेल, तर हेच भिंग कामाला येते. पक्ष्यांची आवड असेल तर मात्र २५० किंवा ३०० मिलिमीटरपर्यंत जाणारे भिंग लागेल. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला किंवा उजनीच्या काठी भिगवणला हिवाळ्यात गेलात, तर त्याची गरज आपोआप पटेल.

वापरलेला कॅमेरा घेताना बैल घेतो तसाच घ्यावा. दात पाहावेत, चालवून पाहावे. भिंग काढून त्यातून विजेरीचा झोत सोडा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे, ते भिंग घेऊ नका. छिद्राचा आकडा १६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. फोटोत काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ करता येते, पण किंमत कमी करून मागावी. आजवर शटर किती वेळा उघडले हा आकडा दुकानदाराला दाखवायला सांगा. लहान कॅमेऱ्याचे शटर साधारण एक लाख वेळा उघडण्याच्या हिशोबाने केलेले असते, त्यामुळे दहा-वीस हजारांवरचा कॅमेरा तरुण समजावा. बॅटरी फुगलेली नाही ना, कार्डाच्या खाचेत पिना वाकलेल्या नाहीत ना, हे पाहा. आणि मूळ पावती मागायला संकोच करू नका. पावती नसली तर माल कुणाचा, हा प्रश्न उरतोच.

आता वापराकडे वळू. कॅमेऱ्याची सारी विद्या तीन गोष्टींत आहे आणि ज्याने शेतात दारे धरली आहेत, त्याला ती समजायला एक दिवससुद्धा लागू नये. पाटाचे पाणी वाफ्यात घ्यायचे असते. दारे रुंद फोडले तर वाफा लवकर भरतो, अरुंद फोडले तर वेळ लागतो. आणि जमीन कोरडी आहे की ओल धरून आहे, यावर किती पाणी पुरेल ते ठरते. कॅमेऱ्यातही तसेच आहे. भिंगातले छिद्र म्हणजे दारे. शटर किती वेळ उघडे राहते, ती पाणी देण्याची वेळ. आणि सेन्सर किती कमी उजेडात भागवतो तो आकडा, ज्याला आयएसओ म्हणतात, तो जमिनीच्या ओलीसारखा. ओल धरलेल्या जमिनीला थोडे पाणी पुरते, तसे आयएसओ वाढवला की थोड्या उजेडात भागते. मात्र तो फार वाढवला तर चित्रात वाळू पडल्यासारखे कण दिसू लागतात. वाफा फुटला तर पीक वाहून जाते. प्रकाश जास्त झाला तर चित्र पांढरेफटक होते.

छिद्राचा हिशोब तेवढा उलटा आहे. शिक्षक मंडळींनी तो मुलांना अपूर्णांक शिकवताना जरूर सांगावा. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की एफचा आकडा येतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र २५ मिलिमीटर असेल तर एफ २. छिद्र सव्वासहा मिलिमीटर असेल तर एफ ८. म्हणजे आकडा मोठा तितके छिद्र लहान. एफ ४, ५.६, ८, ११, १६ या पायऱ्या लक्षात ठेवा. प्रत्येक पायरी चढताना प्रकाश निम्मा होतो.

छिद्राचा आणखी एक गुण आहे. छिद्र मोठे असेल तर एकच गोष्ट ठळक येते आणि मागचे सारे धूसर होते. छिद्र लहान असेल तर जवळचे आणि लांबचे दोन्ही स्पष्ट येते. एका चेहऱ्यासाठी एफ ४ किंवा त्याहून लहान आकडा चालेल. तीन ओळींत उभ्या केलेल्या वर्गाचा फोटो एफ ८ वर काढावा, म्हणजे मागच्या ओळीतली मुले पुसट होणार नाहीत. त्या मुलांच्या घरी तो फोटो वर्षानुवर्षे भिंतीवर राहतो, हे विसरू नका.

शटरची वेळ हालचालीवर ठरवावी. स्थिर बसलेल्या माणसासाठी सेकंदाचा १/१२५ भाग ठीक. धावणाऱ्या मुलांसाठी १/५०० किंवा त्याहून कमी. हात हलल्यामुळे येणारा पुसटपणा भिंगातली यंत्रणा काही अंशी सावरते, पण समोरचा माणूसच हलला तर ती काही करू शकत नाही.

पहिल्या आठवड्यासाठी एक पाठ देतो. स्वच्छ ऊन असताना, दिवस चांगला वर आल्यावर, कॅमेऱ्याची चकती 'एम' या अक्षरावर न्या. आयएसओ १००, छिद्र एफ १६, शटर १/१०० ठेवून उन्हातल्या कुठल्याही गोष्टीचा फोटो काढा. फिल्मच्या काळापासून चालत आलेला हा नियम आहे आणि तो आजही खरा ठरतो. मग एफ ११ आणि १/२००, त्यानंतर एफ ८ आणि १/४०० असे फोटो काढून एकमेकांशेजारी ठेवून पाहा. उजेड सर्वांत सारखाच दिसेल, पण मागची झाडे हळूहळू धूसर होत जातील. दारे दुप्पट रुंद केले, वेळ निम्मी केली, वाफा तेवढाच भरला. हे एकदा हाताने केले की पुस्तकाची गरज उरत नाही. त्यानंतर रोजच्या वापराला 'ए' किंवा 'एव्ही' ही खूण निवडा. छिद्र तुम्ही ठरवा, वेळ कॅमेरा ठरवील.

पण कॅमेऱ्यावर पूर्ण विसंबू नका. तो डोळस नाही, हिशोबी आहे. समोर जे काही असेल ते मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून तो प्रकाश मोजतो. म्हणून पांढऱ्या शुभ्र खिल्लार बैलाने चौकट भरली, तर बैल मळकट येतो. आणि काळ्याभोर म्हशीने चौकट भरली, तर म्हैस राखाडी येते. यावर उपाय सोपा आहे. अधिक-वजा अशी खूण असलेली एक कळ प्रत्येक कॅमेऱ्यावर असते. बैलासाठी ती अधिक १ वर न्या, म्हशीसाठी वजा १ वर. उजळ आकाशासमोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा काळवंडतो, तेव्हाही अधिक करा. त्याहून चांगले म्हणजे, त्या माणसाला ओसरीच्या किंवा झाडाच्या सावलीत बोलवा.

शाळेच्या दालनात कार्यक्रम असेल तेव्हा दोन गोष्टी सांभाळा. कॅमेऱ्यावरचा लहान फ्लॅश तीन-चार मीटरच्या पलीकडे फारसा पोहोचत नाही. शेवटच्या बाकावरून फ्लॅश मारला, तर पुढच्या लोकांच्या डोक्यांवरच तेवढा उजेड पडतो. जवळ जा, किंवा फ्लॅश बंद करून आयएसओ १६०० पर्यंत वाढवा. दुसरे असे की, आपली वीज सेकंदाला ५० फेऱ्या करते, त्यामुळे ट्यूबलाईट आणि अनेक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर फार वेगवान ठेवले तर फोटोत आडवे पट्टे उमटतात. १/५० किंवा १/१०० ठेवले तर ते टळतात.

एक धोक्याची सूचना अगदी आवर्जून. डीएसएलआरच्या खिडकीतून सूर्याकडे कधीही पाहू नका. ग्रहणाच्या दिवशी तर मुलांच्या हाती असा कॅमेरा मुळीच देऊ नका. भिंगाने एकवटलेला सूर्यप्रकाश डोळा कायमचा अधू करू शकतो.

इतके सगळे शिकून फोटो कशाचा काढायचा? खरा प्रश्न हाच आहे. मावळता सूर्य आणि फुलावरचे फुलपाखरू आहेच. पण ते फोटो जगात लाखोंनी निघतात. तुमच्या गावात असे काहीतरी आहे की, ज्याचा नीट फोटो आजवर कुणीच काढलेला नाही. मारुतीच्या देवळाजवळ किंवा वेशीबाहेर एखादा वीरगळ उभा असेल. सगळ्यात खाली झुंज, कधी वळवलेल्या गाईंसाठी झालेली. त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. त्यावर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य. असे दगड महाराष्ट्रात गावोगाव आहेत. रस्ता रुंद करताना, देवळाचा जीर्णोद्धार करताना, ते उलथून पडतात, पायात भरले जातात, नाहीतर तैलरंगाने माखले जातात. एकदा गेले की गेले. फोटो असला तर निदान इथे काय होते हे पुढच्याला कळेल.

वीरगळाचा फोटो भर दुपारी काढू नका. डोक्यावरच्या उन्हात झिजलेले कोरीवकाम सपाट दिसते. सकाळी किंवा सायंकाळी ऊन दगडाला घासून तिरके येते, तेव्हा प्रत्येक खाचेत सावली पडते आणि दुपारी न दिसलेली आकृती उठून येते. ऊन पोहोचत नसेल तर तिन्हीसांजेला कॅमेरा तिपाईवर ठेवा, शटर दोन सेकंद उघडे ठेवा आणि कुणालातरी बाजूने विजेरीचा झोत धरायला सांगा. दगडाशेजारी एक फूटपट्टी उभी करा, म्हणजे माप कळेल. कॅमेरा दगडासमोर अगदी सरळ धरा. एक फोटो पूर्ण दगडाचा, एकेक प्रत्येक टप्प्याचा, आणि एक आजूबाजूच्या जागेसह. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, तेल किंवा पाणी लावू नका. त्याने दगड खराब होतो. आणि ज्या दगडाची पूजा होते, त्याला हात लावण्यापूर्वी गावातल्या मंडळींना विचारा.

जुनी पायविहीर, गाडीची चाके करणारे सुतार, दारावरची कोरीव चौकट, भिंतीवरची वारली चित्रे, घोंगडी विणणारे धनगर, यांनाही हेच लागू आहे. माणसांचे फोटो मात्र विचारून काढावेत आणि मुलांचे पालकांच्या संमतीने. ज्याचा फोटो काढला, त्याला त्याची एक छापील प्रत नेऊन द्यावी. पुढच्या वेळी तो माणूस स्वतःहून तुम्हाला बोलावील.

आता राखणीचे दोन शब्द. आपल्या हवेत कॅमेऱ्याचा मोठा शत्रू म्हणजे पावसाळा. कोकणात तर विशेषच. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत कोंडून ठेवलेल्या भिंगाला दमट हवेत बुरशी धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि त्या ओलावल्या की वाळवून किंवा बदलून पुन्हा ठेवा. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरा. धुळीत भिंग बदलू नका. बदलावेच लागले तर कॅमेऱ्याचे तोंड खाली करून, वाऱ्याला पाठ देऊन बदला. भिंगावरची धूळ धोतराच्या सोग्याने किंवा पदराने पुसू नका. आधी रबरी फुग्याने उडवा, मग मऊ स्वच्छ कापड लावा.

फोटोंचीही राखण हवी. कार्ड बिघडले की वर्षाचे काम एका क्षणात जाते. प्रत्येक फोटो दोन ठिकाणी ठेवा. एक प्रत घरच्या संगणकावर आणि दुसरी वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरात किंवा शाळेत. कार्ड रिकामे करायचे ते या दोन प्रती झाल्यावरच, आणि तेही कॅमेऱ्यातूनच.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, म्हणजे हा छंद आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांच्या घरात आला. त्या काळी काचेला द्रावण लावायचे, ते ओले असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायचा. एका फोटोमागे इतके कष्ट असत, म्हणून फोटो काढण्यापूर्वी माणूस विचार करी. आज कळ दाबायला काही खर्च येत नाही. विचार तेवढा आपण आपल्या पदरचा घालायचा.

तेव्हा कॅमेरा साधा घ्या, वापरलेला घ्या, एका भिंगावर शिका. शाळेत एक वही ठेवा आणि निवडक फोटो छापून त्यात चिकटवा. प्रत्येकाखाली गावाचे नाव, जागा, तारीख आणि कुणी काय सांगितले ते लिहा. त्या चार ओळींशिवाय उत्तम फोटोही पन्नास वर्षांनी मुका होतो. फोटो मुलांना काढू द्या, ओळी म्हाताऱ्या माणसांकडून विचारून घ्या. या कामाला सुट्टीचा एक दिवस पुरतो. पहिला फोटो वेशीवरच्या दगडाचा असावा.